ओल्या भिंतीवर रंग

रंगाऱ्याला आयुष्यात दोन गोष्टींची पक्की खात्री होती. एक, कुठलाही डाग बघितल्याबरोबर तो कशाचा हे आपण सांगू शकतो. आणि दोन, सासूबाईंना आपल्यात एकही चांगला गुण दिसत नाही. त्यातली पहिली खात्री एका शनिवारी सकाळी चहा व्हायच्या आत धुळीला मिळाली. दुसरी जायला अजून दहा दिवस लागायचे होते.

त्याचं असं झालं. त्याची सहा वर्षांची लेक, जिला एका जागी बसणं जन्मात जमलं नव्हतं आणि म्हणून सगळे जिला भिंगरी म्हणत, ती शुक्रवारी शाळेतून आली तीच मलूल होऊन. अंग कोमट, जेवणावर वासना नाही. शनिवारी उठली तेव्हा पोटावर आणि पाठीवर लाल ठिपके. रंगाऱ्याने चष्मा न लावताच निकाल दिला, "डास." दात घासून होईपर्यंत दोन ठिपके गालावर आले. तेव्हा त्याने निकाल बदलला, "थिनरचा वास बाधला." कारण पलीकडच्या छोट्या खोलीत तो आठवडाभर रंगकाम करत होता. लोकांची घरं रंगवण्यात वर्षं गेली, पण या खोलीएवढा जीव त्याने एकाही भिंतीत ओतला नव्हता. घरात दुसरं बाळ येणार होतं.

बाळाची आई, म्हणजे रंगाऱ्याची बायको, तेव्हा घरी नव्हती. आठवा महिना, घर चौथ्या मजल्यावर, लिफ्टचा पत्ता नाही. डॉक्टरांनी जिने बंद आणि विश्रांती सांगितली, म्हणून ती तीन आठवड्यांसाठी आईकडे, तळमजल्यावरच्या घरात राहायला गेली होती. तिथे तिचा दादा आणि वहिनी होते. भिंगरीची शाळा असल्यामुळे ती बापाजवळ राहायची आणि रविवारी आईला भेटायला जायची. मागच्या रविवारी जाऊन आली होती. या वेळी एक रात्र आधीच जायचं ठरलं होतं, आणि तिला न्यायला सासूबाई स्वतः येणार होत्या. भिंगरीची पिशवी भरून दाराशी तयार होती.

सासूबाई आल्या त्या चार मजले चढून, आणि दम खाण्याआधी त्यांनी जावयाच्या शर्टाचं तिसरं बटण सैल असल्याचं सांगितलं. त्यात त्यांचा दोष नव्हता. एकतीस वर्षं त्या कापड गिरणीत तपासणीच्या टेबलावर बसल्या होत्या. खालून उजेड सोडलेल्या काचेवरून कापडाचा तागा सरकत जायचा, आणि त्यात तुटका धागा, गाठ किंवा तेलाचा शिंतोडा दिसला की त्या तिथे निळ्या खडूची रेघ ओढायच्या. नोकरीतून निवृत्त झाल्या, पण डोळा काही निवृत्त व्हायला तयार नव्हता.

तो डोळा बटणावरून नातीकडे वळला आणि तिथेच थांबला.

"हिला खिडकीत आणा."

"आई, डास चावलेत हो. मी आज जाळी लावतोच आहे..."

"डासांचं नंतर बघू. आधी आणा."

त्यांनी भिंगरीला खिडकीशी आडवं उभं केलं, म्हणजे उजेड तिरका पडेल असं. सदरा वर केला. मग पिशवीतून चष्मा काढून, पुसून, लावून त्या खाली बसल्या. रंगारी मनातल्या मनात हसला, कारण भिंतीवरचे खड्डे शोधायला तोही दिवा असाच तिरका धरायचा. हसू फार टिकलं नाही.

"हे बघा. हा नुसता लाल ठिपका, आत्ताचा. त्याच्या शेजारी हा पाणी भरलेला, दवाच्या थेंबासारखा. आणि हा बेंबीजवळचा, खपली धरायला लागलाय. एका बोटाच्या अंतरात तीन वयाचे फोड. डास काही असे तीन पाळ्यांत कामाला येत नाहीत, जावईबापू." त्यांनी भिंगरीच्या केसांत भांग पाडून बघितलं. "डोक्यातही आहे. कांजिण्या आहेत या."

'जावईबापू' हे त्या फक्त टोमणा मारायचा असला की म्हणायच्या. एरवी नुसतं 'अहो'.

"बरं, मग कांजिण्या," रंगारी म्हणाला. "लहानपणी मलाही झाल्या होत्या. आठ दिवसांत खडखडीत बरी होईल. त्यात एवढं काय?"

सासूबाई रंगाच्या रिकाम्या डब्यावर बसल्या. त्यांना असं मटकन बसलेलं त्याने कधी बघितलं नव्हतं.

"तुम्हाला झाल्या, मलाही झाल्या, हा बघा कपाळावर व्रण. भिंगरीच्या आईला झालेल्या नाहीत."

"नक्की?"

"मीच होऊ दिल्या नाहीत. दादाला झाल्या तेव्हा मी तिला महिनाभर मावशीकडे पाठवलं. गिरणीत काय मिरवलं होतं मी, की एकाला झाल्या पण दुसरीला लागू दिल्या नाहीत! तेव्हा घरात सगळ्यांबरोबर होऊन गेल्या असत्या, तर आज ही वेळ आली नसती." त्यांनी दाराशी ठेवलेली भिंगरीची पिशवी उचलली आणि आतल्या खोलीत नेऊन ठेवली. "ही आता कुठेही जाणार नाही. आणि मीही नाही."

डॉक्टरबाईंना फोन लागला. त्यांनी फोटो मागवले, बघितले आणि सासूबाईंच्या निदानावर शिक्का मारला. भिंगरीची त्यांना फारशी काळजी नव्हती. काळजी होती ती तिच्या आईची. शेवटच्या महिन्यांत कांजिण्या झाल्या तर छातीत उतरू शकतात, आणि बाळंतपणाच्या तोंडावर झाल्या तर बाळाचा जीवही धोक्यात येऊ शकतो, हे त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. गरोदरपणी लसही देता येत नाही. मागच्या रविवारच्या भेटीने मात्र घाबरू नका, पुरळ उठायच्या एखाददोन दिवस आधीपासूनच हा रोग पसरतो आणि तेव्हा सहा दिवस बाकी होते. आईची रक्ततपासणी करून घ्या. आणि पोरीचा शेवटचा फोड वाळून त्यावर खपली धरेपर्यंत दोघींना एका छताखाली येऊ देऊ नका.

"शेवटचा म्हणजे शेवटचा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "एक जरी ओला असला तरी नाही."

सोमवारी रक्ताचा अहवाल आला. सासूबाईंची आठवण बरोबर होती, बायकोच्या रक्तात कांजिण्यांविरुद्ध काहीही नव्हतं.

त्या आठवड्यात सासूबाईंनी घर असं ताब्यात घेतलं की रंगाऱ्याला आपल्याच घरात पाहुण्यासारखं वाटायला लागलं. पहिल्या तासाभरात भिंगरीची नखं मुळापर्यंत कापली गेली. अंगाला चिकटणारे सगळे कपडे कपाटात आणि जुने, ढगळ, सुती सदरे बाहेर. कोमट पाण्याने अंघोळ रोज, पण घासायचं नाही, आणि टॉवेलने नुसतं टिपून घ्यायचं. दुसऱ्या दिवशी तोंडात फोड आले आणि भिंगरी गिळताना रडायला लागली, तर सासूबाईंनी जेवण मऊ आणि गार केलं. तासातासाला घोट घोट पाणी पाजलं, आणि पोरगी लघवीला किती वेळा जाते त्यावरही नजर ठेवली. रंगाऱ्याला आधी याचं हसू आलं. मग आपल्याला हे सुचलंच नसतं, या विचाराने ते हसू त्याने गिळलं.

एकदा तर त्याच्या हातून मोठाच घोळ व्हायचा. थिनरने डोकं चढायचं म्हणून त्याच्या कपाटात नेहमी डोकेदुखीच्या गोळ्या असायच्या. रविवारी दुपारी भिंगरीला ताप भरला, तेव्हा त्याने त्यातली एक गोळी अर्धी तोडली आणि चमच्यात विरघळवली. सासूबाईंनी चमचा हातातून काढून घेतला. मग पाकीट खिडकीत नेऊन त्यावरची मुंगीएवढी अक्षरं वाचली.

"अ‍ॅस्पिरिन. कांजिण्या झालेल्या मुलाला हे द्यायचं नसतं. मेंदूवर आणि लिव्हरवर जातं."

"मला काय माहीत? मी रोज घेतो."

"तुम्ही काय, वॉर्निशही पचवाल," त्या म्हणाल्या, आणि डॉक्टरबाईंनी वजन विचारून सांगितलेलं पॅरासिटामॉल मोजून पाजलं.

खाज मात्र कुणाचं ऐकत नव्हती. भिंगरी दिवसभर हातपाय झाडायची आणि "आजी, फक्त एकदाच खाजवू दे ना" म्हणून विनवायची. सासूबाई गुलाबी कॅलामाइन लोशनची बाटली घेऊन बसायच्या आणि कापसाचा बोळा एकेका फोडावर टेकवायच्या. फक्त फोडावर, आजूबाजूला नाही. जोडीला गिरणीच्या गोष्टी चालायच्या. तेलाचा डाग लपवायला त्यावर पावडर टाकणारा विणकर, तपासणीच्या टेबलावर झोपून गेलेला साहेब. एका गोष्टीत वीसेक फोड सहज उरकायचे. रंगारी दारात उभा राहून ऐकायचा. घरात दुखणं आहे ही गोष्ट तेवढ्यापुरती तोही विसरायचा.

आणि रोज सकाळी, खिडकीच्या उजेडात, तपासणी. टाळूपासून तळपायापर्यंत भिंगरीचं अंग नजरेखालून जायचं आणि कालपासून नवे किती आले ते मोजलं जायचं. तो आकडा सासूबाई निळ्या खडूने लिहून ठेवायच्या, आणि कुठे, तर बाळाच्या खोलीतल्या, नुकत्याच पुट्टी घासून प्रायमर मारलेल्या, आरशासारख्या गुळगुळीत भिंतीवर! पहिल्यांदा ते बघून रंगाऱ्याच्या काळजाचं पाणी झालं. पण बोलायची छाती झाली नाही. शनिवार, पुष्कळ. रविवार, पुष्कळ. सोमवार, एकतीस. मंगळवार, चौदा. बुधवार, पाच. गुरुवारी सासूबाईंनी एक मोठं, गोल, देखणं शून्य काढलं.

"सुटलो!" रंगारी ओरडला.

"नवे शून्य," त्या म्हणाल्या. "ओले किती, ते वेगळं."

पण शून्य एकदा डोळ्यांत भरलं की पुढचं वाक्य कानात शिरत नाही.

शुक्रवारी सकाळी सासूबाई औषधाच्या दुकानात गेल्या. जाताना म्हणाल्या, "आल्यावर लोशन लावते." रंगाऱ्याला वाटलं, एवढं तर आपण करू शकतो. रंग लावणं आपलंच काम. बोळ्याने टिपत बसायला त्याचा धीर पुरेना. त्याने नवा कोरा, मऊ, दोन इंची ब्रश काढला, कढत पाण्यात धुतला, वाळवला, आणि भिंगरीला स्टुलावर उभं करून मानेपासून घोट्यापर्यंत लोशनचा एक हात मारला. तो वाळला तसा दुसरा. कुठे ओघळ नाही की ब्रशची रेघ नाही. कानामागे, काखेत, कोपरं सगळी भरून घेतली. भिंगरी गुदगुल्यांनी खिदळत होती. दहा मिनिटांत पोरगी एकसारखी, कोरडी, फिक्या गुलाबी रंगाची झाली आणि तिच्या अंगावर ओलं म्हणून काही दिसेना. रंगाऱ्याने दोन पावलं मागे सरून काम बघितलं. खूश झाला. आणि त्या खुशीतच त्याने बायकोला फोन लावला.

"ये. सगळं वाळलंय. आत्ताच निघ, आईंना काही सांगू नकोस, गंमत करू."

बायकोला डॉक्टरांनी परवाच हळूहळू जिने चढायची मोकळीक दिली होती. लेकीला बघून तिला बारा दिवस झाले होते. तिने एवढंच विचारलं, "नक्की ना?" आणि तो म्हणाला, "अगं, मी स्वतः बघितलं."

सासूबाई परत आल्या, तेव्हा भिंगरी हात पसरून दारात उभी होती. "आजी, बघ! बाबांनी मला रंग दिला!"

सासूबाईंनी बघितलं. ओरडल्या नाहीत, टोमणा मारला नाही. पिशवी खाली ठेवली, मऊ फडकं कोमट पाण्यात पिळलं आणि नातीच्या डाव्या कानामागे हलकेच फिरवलं. गुलाबी पापुद्रा निघाला आणि त्याखाली दोन टपोरे, पाण्याने भरलेले फोड चमकले. मग काखेत. तिथे तीन. सुकलेल्या लोशनखाली सगळं कसं छान कोरडं दिसत होतं!

त्या वळल्या आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "अहो, ओल आलेल्या भिंतीवर रंग मारता का हो तुम्ही?"

रंगाऱ्याचा चेहरा भिंतीपेक्षा पांढरा पडला. वीस वर्षं तो गिऱ्हाइकांना हेच सांगत आला होता. ओल दिसली की आधी ती कुठून येते ते शोधायचं, भिंत वाळू द्यायची, मगच ब्रश उचलायचा. नाहीतर वरून साजरं दिसतं आणि आतून भिंत सडते. एका श्रीमंत माणसाचं काम त्याने याच मुद्द्यावर सोडलं होतं. आणि आज स्वतःच्या लेकीच्या अंगावरची ओल त्याने दोन हात मारून झाकली होती.

"आई," तो कसाबसा म्हणाला, "मी तिला बोलावलंय."

खाली गाडीचा हॉर्न वाजला.

रंगारी जिना उतरला तो चार मजले एका दमात. बायको पहिल्या मजल्याच्या वळणावर, एक हात कठड्यावर आणि एक कमरेवर ठेवून, धापा टाकत उभी होती. दादा तिची पिशवी घेऊन मागे होता. तिच्या चेहऱ्यावरचं हसू बघून रंगाऱ्याला धरणीने पोटात घेतलं तर बरं असं वाटलं.

"थांब. वर येऊ नकोस."

"म्हणजे?"

"पाच ओले आहेत. मी लोशनने झाकले. मुद्दाम नाही गं, पण झाकले. आईंनी बघितलं म्हणून कळलं."

ती पायरीवर बसली आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. "बारा दिवस," ती म्हणाली. "फोनवर रोज म्हणते, आई ये ना. आणि तू मला म्हणालास, मी स्वतः बघितलं." रंगारी दोन पायऱ्या वर उभा राहिला आणि ते सगळं त्याने ऐकून घेतलं, कारण त्यातला एकही शब्द खोटा नव्हता.

शेवटी ती दादाचा हात धरून रस्त्यावर गेली आणि मान वर करून उभी राहिली. चौथ्या मजल्याच्या खिडकीत सासूबाईंनी भिंगरीला उचलून धरलं होतं. अर्धी गुलाबी, अर्धी पुसलेली. "आई, मी भिंत झाले!" भिंगरी एवढ्या जोरात ओरडली की समोरच्या दुकानातली गिऱ्हाइकं बाहेर आली. बायको रडता रडता हसली. मग गाडीत बसून निघून गेली.

रंगारी वर आला तो बोलणी खायची तयारी ठेवून. सासूबाईंनी त्याच्या हातात कापसाचा बोळा दिला.

"बसा. उरलेलं पुसायचंय. जोर लावू नका."

बराच वेळ दोघं पुसत बसले. मग त्याच म्हणाल्या, "आमच्याकडे गिरणीत एक रीत होती. आपल्या घरच्या माणसाने विणलेला तागा आपण एकट्याने पास करायचा नाही. हिचे वडील त्याच गिरणीत मागावर होते." 'हिचे' म्हणताना त्यांनी बोट भिंगरीच्या आईच्या फोटोकडे केलं. "त्यांचा तागा टेबलावर आला की मी शेजारणीला हाक मारायची. दोघींनी पास म्हटलं तरच बाहेर जायचा. माया असली ना, की डोळ्याला दोष दिसत नाही. मुद्दाम नाही, खरंच दिसत नाही."

"तुम्हाला दिसतो की," रंगारी म्हणाला. "माझे तर सगळे दिसतात."

सासूबाई पहिल्यांदाच खुदकन हसल्या. "त्यासाठी शेजारीण नाही लागत."

त्या क्षणी रंगाऱ्याला त्या बाईबद्दल जे वाटलं, ते त्याला आधी कधी वाटलं नव्हतं. बासष्ट वर्षांची बाई, गुडघे दुखतात, स्वतःची लेक आठ महिन्यांची पोटुशी दुसरीकडे, आणि ही इथे सात दिवस जमिनीवर बसून एकेक फोड टिपते आहे. तीस वर्षांपूर्वी मायेपोटी केलेल्या एका गोष्टीचा सल उरात घेऊन टिपते आहे. आणि जिच्या लेकीचा जीव त्याने आज धोक्यात घातला होता, तिने त्याला हाकललं नव्हतं, शेजारी बसवलं होतं. त्याला तिच्या पाया पडावंसं वाटलं. पण हात गुलाबी झाले होते.

रविवारी सकाळी सासूबाईंनी तपासणी केली. खिडकीशी, तिरक्या उजेडात, नेहमीसारखी. फोड सगळे तपकिरी खपल्यांत बदलले होते. त्यांनी चष्मा काढला.

"मला एकही ओला दिसत नाही. पण लेकीला घरी आणायची मला घाई झालीय, आणि घाईतल्या डोळ्याचा काही भरवसा नाही. आता तुम्ही बघा."

"मी? मलाही घाई आहे."

"म्हणूनच दोघं."

तिकडे बायको फोनची वाट बघत होती. पिशवी भरून तयार होती, दादा गाडीत बसला होता. रंगाऱ्याने आपला कामाचा दिवा आणला, तो तिरका धरला आणि भिंगरीच्या पायाच्या बोटांपासून सुरुवात केली. गुडघ्यांमागे, काखांत, कानांच्या पाळ्यांमागे. घासलेली भिंत हाताने चाचपावी तशी त्याने इंच इंच नजर फिरवली. मग केस. एकेक बट बाजूला करत तो मागच्या बाजूला, मानेच्या वर आला. तिथे खपली होती, फणी लागून अर्धी उचकटलेली, आणि तिच्या कडेला एक बारीकसा, टाचणीच्या टोकाएवढा ओलावा होता.

त्याने डोळे मिटून परत उघडले. ओलावा तिथेच होता. एवढासा. सासूबाईंनी पास म्हटलं होतं. 'पास' एवढा एकच शब्द म्हणायचा, आणि अर्ध्या तासात बायको घरात. त्याच्या घशाशी तो शब्द आलाही.

"आई," तो म्हणाला, "हा ओला आहे."

सासूबाईंनी चष्मा परत लावला. वाकल्या. बराच वेळ बघत राहिल्या. सरळ झाल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"मला दिसला नाही," त्या म्हणाल्या. मग चष्मा पुसत, "एकतीस वर्षांत मी जिला जिला शेजारी बसवलं, त्यातल्या निम्म्या जणींनी हा सोडला असता."

बायकोला फोन रंगाऱ्यानेच केला. ती चिडेल म्हणून त्याने फोन कानापासून जरा लांब धरला होता. पण ती म्हणाली, "तुला सापडला? आईला दिसला नव्हता, आणि तुला?" तो हो म्हणाला. "मग थांबते," ती म्हणाली.

मंगळवारी दोघांनी तपासलं. आधी त्यांनी, मग त्याने, आणि मग परत एकदा त्याच क्रमाने. डॉक्टरबाईंना फोटो गेले आणि त्यांचाही होकार आला. भिंतीवर निळ्या खडूने सासूबाईंनी 'ओले' असं लिहिलं आणि खडू जावयाच्या हातात दिला. पुढचं शून्य त्याने काढलं. सासूबाईंच्या शून्याइतकं गोल आलं नाही.

बायको चार मजले चढून आली, प्रत्येक मजल्यावर थांबत थांबत. दार उघडं होतं. तरी ती उंबऱ्याबाहेरच थांबली, एक हात पोटावर ठेवून. आत भिंगरी आजीच्या पदराला धरून उभी होती. अंगभर खपल्या, आणि सुटायची एवढी घाई की दोन्ही पाय जागच्या जागी नाचत होते. आजीने तिला घट्ट धरून ठेवलं होतं.

"आई," बायकोने विचारलं, "येऊ का आत?"

सासूबाईंनी मान हलवली नाही. "मला काय विचारतेस? शेवटची नजर यांची होती," त्या म्हणाल्या, आणि जावयाकडे बघत राहिल्या.

रंगाऱ्याला पास म्हणायचं होतं. पण तो नुसताच दारातून बाजूला झाला, आणि सासूबाईंनी भिंगरीला धरलेला हात सोडला.